खाटेखालचा होकार

१

वृद्धाश्रमाच्या खालच्या मजल्यावर, वाचा गेलेल्या बायकांच्या खोलीत, डॉक्टर प्रश्न विचारायचे खाटेवरच्या बाईला आणि उत्तर द्यायची ठणकाबाई.

"काय आजी, झोप लागली का?"

"लागली. पहाटे जरा कण्हल्या, मग गप झाल्या."

"पोट साफ?"

"काल झालंय. जुलाबाचं लिहू नका, चादरी मला धुवाव्या लागतात."

डॉक्टर हसायचे, लिहून घ्यायचे आणि पुढच्या खाटेकडं सरकायचे. ती आया होती, चौथी पास. पण कुणाचं अंग दुखतंय, कुणाला तहान लागलीय, हे ती पायाच्या बोटांवरून सांगायची. आणि खरं बोलायचं तर कधी कधी तिला काहीच कळायचं नाही. छताला डोळे लावून पडलेल्या बाईच्या मनात काय चाललंय ते कुणाच्या बापाला कळणार? तरी ती सांगायची. प्रश्न पडला की त्यावर उत्तर पडलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांचाच खोळंबा होतो.

ठणकावून बोलते म्हणून मेट्रनबाईंनी तिला हे नाव ठेवलं होतं. दाताचा ठणका परवडला, तो गोळी घेतली की थांबतो तरी, असं तिथला स्वयंपाकी म्हणायचा. तिच्या तोंडावर मात्र म्हणायचा नाही.

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटेवर थोरली जाऊ, लकवा मारल्यापासून आडवी, बोलणं बंद. आतल्या खोलीत ठणकाबाई आणि तिची लेक. लेक पाळण्यात असतानाच नवरा गेला, मागोमाग दीरही गेले, आणि तिघी बायका एकमेकींना धरून राहिल्या.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गुणाची पोर, पण एक खोट होती, तिला नाही म्हणता यायचं नाही. मालकानं विचारलं सुट्टीच्या दिवशी येशील का, की मान डोलवून मोकळी. दारावरचा विक्रेता तीन तीन साबण गळ्यात मारून जायचा. गल्लीतल्या एका उडाणटप्पूनं लग्नाचं विचारलं, हिनं 'बघू' म्हटलं, आणि तो ठरलं ठरलं म्हणून सांगत सुटला. मग ठणकाबाई कंबर कसून निघायची. साबण परत, मालकाला दम, उडाणटप्पूच्या आईला चार शब्द. लेक दाराआड उभी राहून ऐकायची आणि आई घरात आली की तिच्या खांद्यावर डोकं टेकायची.

लेकीच्या वाटणीचं 'नाही' आईनं स्वतःच्या तोंडात जपून ठेवलं होतं. लेकीसाठी तिच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. आपण गेल्यावर हिला कोण कुठं ओढून नेईल, हाच एक विचार तिच्या डोक्यात घोळत राहायचा.

२

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनाघरात बायबलातल्या वचनाचा अभ्यास असायचा, मायलेकी तिथं जायच्या. प्रार्थनाघर म्हणजे छापखान्याच्या वरचा हॉल. खाली यंत्रं चालू असली की बाकं थरथरायची. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, मवाळ माणूस, मुंगीलाही वाट देऊन जाणारा.

त्या बुधवारी पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ते अडचणीचं वचन निघालं. मेलेले उठणारच नसतील, तर मेलेल्यांच्या वतीनं जे बाप्तिस्मा घेतात ते काय करतील, असं पौलानं तिथं विचारलंय. कोण घेत होतं, कसं घेत होतं, बरोबर होतं की चूक, काही सांगितलेलं नाही. विचारलं आणि गडी पुढच्या गोष्टीकडं वळला.

पाळकांनी लोकांनी लावलेले अर्थ सांगितले. कुणी म्हणतं, मेलेली आपली माणसं पुन्हा भेटावीत म्हणून जे विश्वासात येतात त्यांच्याबद्दल हे आहे. कुणी म्हणतं, मरणाला टेकलेल्यांबद्दल आहे. मंडळीतल्या सुताराला हा दुसरा अर्थ पटला, तो लगेच 'बरोबर आहे' म्हणाला. मग पाळकांनी जरा आवाज उतरवून तिसरा सांगितला. फार जुन्या काळी एक पंथ होता म्हणे. कुणी बाप्तिस्म्याआधी वारलं तर प्रेताच्या खाटेखाली जिवंत माणसाला झोपवायचे. प्रेताला विचारायचे, तुला बाप्तिस्मा हवा का? खालचा म्हणायचा, हो. मग त्या खालच्यालाच पाण्यात घालायचे, वरच्याच्या नावानं.

बाकांवर हसू पिकलं. ठणकाबाई म्हणाली, मेलेल्याला विचारायचंच कशाला मग? सरळ घाला पाण्यात.

"विचारल्याशिवाय कसं, ताई?" पाळक म्हणाले. "बाप्तिस्मा बळजबरीनं देता येत नाही. होकार लागतोच."

"म्हणजे माझंच काम की. मी रोज दहाजणींच्या वतीनं हो म्हणते."

पुन्हा सगळे हसले. लेक तेवढी हसली नाही. ती वचनाच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

३

जाऊ गेली एका दुपारी, कुणाला कळू न देता. लेक पेलाभर पाणी घेऊन गेली तेव्हा ओठ गार झाले होते.

रडणं झालं आणि मग खरी अडचण पुढं आली. मंडळीच्या दफनभूमीत बाप्तिस्मा झालेल्यालाच जागा. दीर तिथं होते, त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि जाऊ कधी पाण्यात उतरलीच नव्हती. वाचा होती तेव्हा तिनं एकदा सांगून टाकलं होतं, मला पाण्यात घालायचं नाही, मी आहे तशी बरी आहे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. ठणकाबाई तेव्हा तिथंच भांडी विसळत होती. तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

पण आता प्रश्न कुठं ठेवायचं याचा होता. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीत एकटी टाकून यायची? लेकीनं तर हंबरडाच फोडला, काकूला काकांजवळच ठेवायचं. पाळक खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी खिडकीकडं तोंड करून म्हणाले, पौलानं त्या लोकांना दोष दिलेला नाही, एवढं मात्र खरं.

कुणी झोपायचं हा प्रश्नच नव्हता.

खाटेखालची ट्रंक ओढून काढली, जुनी चप्पल काढली, आणि ठणकाबाई उताणी सरकत आत गेली. फरशी गार होती. कडेनं चादर सोडलेली, तिच्यातून पांढरट उजेड येत होता. वर नायलॉनच्या पट्ट्यांचा झोळ नाकाला टेकेल इतका खाली आला होता. जाऊ शेवटी शेवटी वाळून काडी झाली होती, पण तिचा भार त्या पट्ट्यांत स्पष्ट दिसत होता. इथं पाठ, इथं टाचा. हे कसलं सोंग घेतलं आपण, असं ठणकाबाईच्या मनात आलं आणि तिचं हसू फुटायच्या बेतात आलं.

पाळकांनी वरच्या बाईला नावानं हाक मारली आणि विचारलं, तुला बाप्तिस्मा हवा आहे का?

ठणकाबाईला ते भांडी विसळतानाचं आठवलं. एक क्षणभर तिनं ओठ आवळले. मग नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "हो."

झोळ वर गेला.

माणूस खाटेवरून उठलं की पट्ट्या सुटतात, तशा त्या पट्ट्या सुटून सपाट झाल्या. पाठ नाही, टाचा नाहीत. आता कुणीतरी ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. बाहेर कुणी काही बोललं नाही. चादरीपलीकडं पाळकांचे बूट होते, सुताराचे पाय होते, लेकीचे अनवाणी पाय होते.

धडपडत बाहेर आली तर जाऊ जागच्या जागी, हनुवटी बांधलेली, हात छातीवर. सुताराचा हात खाटेच्या दांडीवर होता. त्यानं दांडी उचलून धरली असेल. जुन्या पट्ट्या, त्यांचं काय सांगावं? तिनं स्वतःला असं बजावलं आणि संध्याकाळी बाप्तिस्म्याच्या हौदात जावेच्या नावानं डुबकी मारून घेतली. पाणी कोमट केलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊ दिरांशेजारी विसावली.

४

कामावर परतल्यावर सगळं रोजच्यासारखं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक मास्तरीणबाई होत्या. चांगल्या मोठ्या वर्गाला धाकात ठेवलेल्या, आता बोलणं गेलेलं. रात्रभर त्यांनी डोळ्याला डोळा लावला नव्हता, डाव्या पोटरीला सूज होती. डॉक्टर आले की आधी हे सांगायचं, असं ठरवून ठणकाबाई त्यांचे केस बांधत होती. आकडे दातांत धरले होते, तेवढ्यात डॉक्टर आले.

"मास्तरीणबाई, बरं वाटतंय ना?"

"हो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि निघाले.

ठणकाबाईच्या दातांत अजून आकडे होते. जीभ हलली नव्हती, ओठ सुटले नव्हते. ती मास्तरीणबाईंकडं बघत राहिली, कारण पहिल्यांदा तिला वाटलं बाईंना वाचा फुटली. बाई तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या मान वळवून खाटेच्या कडेवरून खाली, जमिनीकडं बघत होत्या.

आकडे थुंकून ती डॉक्टरांच्या मागं धावली, त्यांना बाहीला धरून परत आणलं. त्यांनी सूज बघितली, गंभीर झाले, औषध बदललं. जाता जाता म्हणाले, मग मगाशी हो कशाला म्हणालात?

"मी नाही म्हणाले."

"ठणकाबाई, तुमचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो."

नर्सला विचारलं तर तीही तेच म्हणाली. अहो, मी इथंच होते, तुम्हीच म्हणालात. फक्त जरा दबक्या आवाजात, वाकून बोलल्यासारखं.

५

त्यानंतर ते होतच राहिलं. रोज नाही, आणि तेच वाईट. रोज झालं असतं तर माणूस सावध राहिलं असतं.

मेट्रननं विचारलं, आज दुसरी पाळीही कराल का, आणि टेबलाखालून 'हो' आलं. शेजारणीनं मिक्सर मागितला, ठणकाबाई तोंड उघडतेय तोवर खाटेच्या पायापाशी 'हो'. शेजारीण मिक्सर घेऊन गेलीसुद्धा. आवाज हिचाच. तोच ठसका, तीच धार. फक्त यायचा खालून, गुडघ्याच्या खालून, ज्याच्या खाली माणूस मावेल अशा कशाच्याही खालून. दुसरा शब्द कधी नाही. एवढाच एक शब्द जणू कुणीतरी तिच्याकडून शिकून घेतला होता.

लोकांना वावगं काही वाटेना. उलट सगळे खूश. ठणकाबाई निवळल्या, पाण्याचा गुण लागला, असं प्रार्थनाघरात बायका बोलायला लागल्या. स्वयंपाकी तर म्हणाला, आता नाव बदला, होबाई म्हणा. ती त्याच्या अंगावर धावून गेली, तर तो हसत सुटला.

माझ्याच डोक्यात काही बिघडलं असेल, असंही तिनं धरून बघितलं. जाऊ गेल्याचा धक्का असेल. बोलून जात असेन आणि विसरत असेन. वाचा गेलेल्यांत दिवस काढले की माणसाला भास होतात, मेट्रनच एकदा म्हणाली होती. मग एका दुपारी सुट्टीच्या दिवशी तिनं सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. लेक बाहेरच्या खोलीत जावेच्या खाटेवर बसून उसवलेली बाही शिवत होती. ठणकाबाई आत मोरीपाशी उभी राहिली, गाल फुगतील इतकं पाणी तोंडात घेतलं आणि ओठ बोटांनी दाबून धरले. दाराकडं तोंड करून तिनं भिंतीवर दोन थापा मारल्या.

"आई, आहेस का आत?" लेकीनं विचारलं.

"हो."

ओट्याखालून आलं. गॅसच्या टाकीपलीकडं, जिथं अंधार होता तिथून.

"काही हवंय का?"

"हो," ओट्याखालून उत्तर आलं, अगदी मायेनं.

तोंडातलं पाणी तसंच होतं. एक थेंब सांडला नव्हता. ती वाकून बघू शकली असती. टाकी, केरसुणी आणि भिंत, एवढंच असणार होतं. तिनं वाकायचं ठरवलं, पण कंबर वाकेना. मोरीला पाठ लावून ती उभी राहिली. लेक आत आली, काय हवंय म्हणून विचारायला लागली, तेव्हा कुठं तिनं ते पाणी मोरीत टाकलं. पाणी गार असायला हवं होतं. ते कोमट झालेलं होतं.

६

मग तिचा स्वतःचा आवाज उतरायला लागला. आधी खरखर, मग नुसती हवा. घशाच्या डॉक्टरनं आरसा घालून बघितलं, घसा स्वच्छ आहे म्हणाला. जोर लावला की दोनचार वाक्यं निघायची. ती सगळी गोळा करून ती पाळकांच्या खोलीत गेली.

"त्या लोकांचं पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

कुठल्या लोकांचं, म्हणून पाळकांनी विचारलं. खाटेखाली झोपायचे त्यांचं, ती म्हणाली. पाळकांनी पुस्तक उघडलं, मागचं पुढचं चाळलं. कुठं लिहिलेलं नाही, म्हणाले. तो पंथच पुढं राहिला नाही.

"तुम्ही सगळे मेलेल्यांचा विचार करत बसलात," ती घशाशी झोंबत म्हणाली. "पौलानं मेलेल्यांचं विचारलेलंच नाही. जे त्यांच्या वतीनं गेले ते आता काय करतील, एवढंच विचारलंय. त्याला दिसलं असेल काहीतरी."

"असा अर्थ कुणी लावलेला माझ्या वाचनात नाही, ताई." पाळकांनी चष्मा काढला आणि तिच्याकडं काळजीनं बघितलं. "तुम्हाला त्रास होतोय का कसला? मनाला शांती आहे ना?"

"हो," टेबलाखालून आलं.

पाळकांचा चेहरा खुलला. त्यांनी खाली बघितलं नाही. का बघावं? समोर बाई होती आणि बाईचाच आवाज होता. एक मोठं ओझं उतरल्यासारखं त्यांनी पुस्तक मिटलं आणि मग त्यांनी लेकीचा विषय काढला. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. जन्मभर प्रार्थनाघराची पायरी चढले नव्हते, आता शुद्धही राहिली नव्हती. जावेच्या बाप्तिस्म्याचं ऐकून मालकानं पाळकांना गळ घातली होती. खाटेखाली कोण झोपेल हे त्यानं दुकानातच विचारलं, आणि लेकीनं मान डोलवली होती.

"पोर तुमच्या छपराखालची आहे. तुमचा होकार सगळ्यांसमोर घेतल्याशिवाय मी पुढं जाणार नाही," पाळक म्हणाले. "तेवढं मला कळतं."

ती नाही म्हणाली. सगळा जीव एकवटून म्हणाली. निघाली ती घरघर. पाळकांनी लगबगीनं उठून तिच्यापुढं पाण्याचा पेला केला.

७

घरी तिनं जुन्या पिशवीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं, जाऊ नकोस. अक्षरं वाकडीतिकडी, पण वाचता येण्यासारखी. लेकीनं वाचलं आणि तिला कळेना.

"आई, तूच तर हो म्हणालीस. परवा दुपारी पाळी करून येऊन झोपली होतीस, तेव्हा मी विचारलं. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणालीस."

ठणकाबाईनं कागदावर जोरानं रेघा ओढल्या, मी नाही, मी नाही. पेन्सिलीचं टोक मोडलं. लेकीनं तिचे हात धरले.

"ऐक ना. मालकांनी विचारलं तेव्हा मला कुणाच्या मागं लपावंसं वाटलं नाही. माझ्या एका शब्दानं म्हाताऱ्याचं भलं होणार असेल तर मला द्यायचाय तो शब्द. प्रत्येक वेळी तूच नको म्हणालीस तर मी कधी बोलायचं?"

हे पोर मनापासून बोलत होतं, की पुन्हा एकदा तिला नाही म्हणता आलं नव्हतं आणि त्याला ती आता हे सुंदर कपडे चढवत होती? इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईला ओळखता येईना. लेकीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तू बरी हो आधी, म्हणाली, तुझा आवाज नसला की घर खायला उठतं.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली. म्हातारा दुपारी वारला आणि मालकानं तिला दुकानातूनच आपल्या घरी नेलं. ठणकाबाईला निरोप मिळाला तेव्हा ती एका आजीला भरवत होती. वाटी तशीच ठेवून, अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी ती निघाली.

८

मालकाची मोठी खोली. पडदे सोडलेले, तरी दुपारचं ऊन कडेनं आत येत होतं. मधोमध रुंद लाकडी पलंग, त्याच्यावर म्हातारा, नाक वर. पांढरी चादर जमिनीपर्यंत सोडलेली. भिंतीला लागून मंडळी उभी होती, सुतार होता, प्रार्थनाघरातल्या बायका होत्या. पाळकांच्या शेजारी लेक, केस मागं बांधलेले, पायांत काही नाही.

ठणकाबाई गर्दीतून घुसली आणि लेकीचं मनगट पकडलं. असं पकडलं की पोर कळवळली. तोंडानं बोलता येत नसेल तर ओढून नेऊ, तिनं वाटेतच ठरवलं होतं. तिनं एक हिसका दिला.

"ताई," पाळक हळुवारपणे म्हणाले, "मी म्हटलं होतं तसं विचारतो. तुमच्या लेकीनं हे करायला तुमचा होकार आहे का?"

तिनं मान हलवली, जोरजोरानं, नाही, नाही. तोंड उघडलं.

"हो."

पलंगाखालून आलं. अजून कुणी तिथं गेलं नव्हतं.

सगळ्या खोलीनं ते ऐकलं आणि सगळ्या खोलीनं तिच्याकडं बघितलं. कुणाची नजर खाली गेली नाही. लेकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं, इतकी ती सुखावली. ठणकाबाईच्या घशातून जे काही निघत होतं त्याला कुणी बोलणं म्हणालं नसतं. बायका पुढं झाल्या. रडू आवरेना बिचारीला, आईच ती, असं म्हणत त्यांनी तिचे खांदे धरले, पाठीवरून हात फिरवला, आणि एकीनं प्रेमानं, एक एक बोट सोडवत, लेकीचं मनगट तिच्या मुठीतून मोकळं केलं. कुणी दांडगाई केली असती तर ती चावली असती. मायेच्या हातांशी कसं झगडायचं हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

लेक गुडघ्यांवर बसली. तिनं चादरीची कड उचलली.

उन्हाची एक पट्टी आत शिरली. ठणकाबाईला दिसलं ते इतकंच. भिंतीकडच्या बाजूला कुणीतरी पाठमोरं पडलं होतं आणि लेक आत सरकायला लागली तसं तेही सरकलं. घरात एका अंथरुणावर दोघी झोपतात तेव्हा आधी पडलेली दुसरीला जागा देते, तसं, पाठ न वळवता, सवयीनं.

चादर खाली पडली.

पाळकांनी म्हाताऱ्याला नावानं हाक मारली आणि विचारलं. ठणकाबाईनं कान तिथं लावला. तिला लेकीचा आवाज हवा होता. कसाही, घाबरलेला, चाचरलेला, हो म्हणणारा का होईना, पण तिचा.

"हो," पलंगाखालून आलं.

तो ठसका, ती धार. ठणकाबाईचाच आवाज. त्याच्यामागून, पाठोपाठ, अजून एक 'हो' आलं, बारीक, नवखं, लेकीच्या आवाजात, आणि ते पहिल्याच्या अगदी जवळून आलं, तोंडाला तोंड लावून शिकवावं तसं. पाळकांनी डोळे मिटले. सुतार आमेन म्हणाला. पलंगावरची चादर म्हाताऱ्याच्या अंगाखाली किंचित सैल झाली.

लेक बाहेर आली. केसांना धूळ लागली होती, तीच एका बाईनं झटकली. घाबरलीस का गं, म्हणून कुणी विचारलं नाही. मालकाची बायको पुढं आली आणि म्हणाली, "शहाणी पोर. आता हौदात जायचं, तयार आहेस ना?"

लेकीचे ओठ मिटलेले होते. ती आईकडं बघत होती. लहानपणी दारावर कुणी आलं की बघायची तशी, तूच सांग यांना, अशी. आणि आई तोंड उघडून उभी होती, दोन्ही दंड बायकांच्या हातांत, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि एक अक्षर निघत नव्हतं.

"हो," लेकीच्या पायांपाशी, तिच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, आणि बायका तिला घेऊन निघाल्या.